सावंतवाडी बाजारपेठ फेरीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

सावंतवाडीची जुनी बाजारपेठ पायी दाखवणाऱ्या आमच्या फेरीविषयी आपण लिहिले आहे की निम्मी दुकाने बंद होती, चितारआळीत एकाच कारागिराकडे पाऊण तास गेला आणि लाकडी खेळण्यांचे भाव अवाच्या सवा वाटले.

दुकानांबाबत चूक सर्वस्वी आमची आहे. येथील बरेच व्यापारी दुपारी जेवणासाठी दुकान बंद करतात व उन्हे कलल्यावरच पुन्हा उघडतात, हे ठाऊक असूनही आम्ही आपल्याला साडेबाराची वेळ दिली. आपले निम्मे शुल्क आम्ही परत केले आहे आणि यापुढे फेरी सकाळी नऊलाच निघेल.

त्या पाऊण तासाबद्दल मात्र मला मनापासून काही सांगायचे आहे. आपण ज्यांच्याकडे बसला होता ते गंजिफाची, म्हणजे पत्त्यांच्या एका जुन्या खेळाची, पाने रंगवत होते. दशावतारी गंजिफाच्या एका डावात 120 गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक पान हाताने रंगवावे लागते. मत्स्याचा डोळा काढताना त्यांनी कुंचला टेकवण्याआधी श्वास रोखून धरला होता, तो क्षण घाईने उरकण्यासारखा नाही, असे मला आजही वाटते. ही कला जवळजवळ लोपली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकात पुंडलीक चितारी या वयोवृद्ध कारागिराच्या मदतीने ती पुन्हा उभी केली. ही हकीकत आमच्या वाटाड्याने बसण्यापूर्वीच सांगायला हवी होती, म्हणजे आपल्याला नुसते ताटकळल्यासारखे झाले नसते.

भावांविषयी एवढेच सांगतो, की आम्ही कोणत्याही दुकानाकडून दलाली घेत नाही. पूर्वी खेळण्यांसाठी सर्रास वापरले जाणारे पांगाऱ्याचे हलके लाकूड आता सहज मिळत नाही, आणि लाकूड वाळवून, घडवून, घासून त्यावर रंगाचे हात देईपर्यंत एका लाकडी आंब्यामागेही पुष्कळ मेहनत पडते. शेजारीच प्लास्टिकची फळे मांडलेली असल्याने तुलना होणे स्वाभाविक आहे. दोन्ही हातात घेऊन पाहायला आपल्याला वेळ मिळाला नाही, याची खंत वाटते.

आपण पुन्हा येणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे. मी स्वतः आपल्याबरोबर येईन आणि त्या फेरीचे शुल्क घेणार नाही.

आपला नम्र,
फेरीचा संचालक