कार्डाला पत्ता नको, ओळख द्या!

परत तेच! सर्व्हरमध्ये एक स्टोरेज कार्ड काय वाढवलं, पीसीआय बसचे (कार्डं जिथे जोडली जातात त्या मार्गाचे) आकडे सरकले. काल ३बी:००.० या पत्त्यावर असलेलं नेटवर्क कार्ड आज ५ई:००.० वर. डीपीडीकेच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, वळसा घालून नेटवर्कचा डेटा थेट ॲप्लिकेशनला देणाऱ्या लायब्ररीच्या) स्क्रिप्टमध्ये जुनाच पत्ता, ॲप्लिकेशन सुरू होताच आपटलं. रात्री दीड वाजता मी एकेक पोर्ट कर्नलच्या ड्रायव्हरकडून सोडवून व्हीएफआयओला (कार्ड थेट ॲप्लिकेशनच्या हाती देणाऱ्या ड्रायव्हरला) बांधत बसलो. एकदा बांधलं की ते कर्नलच्या इंटरफेसांच्या यादीतून गायब. मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख, बघायचा तर परत सोडवा! रीबूट केलं की पहिले पाढे पंचावन्न. मेलानॉक्सच्या नेटवर्क कार्डांच्या एमएलएक्स५ ड्रायव्हरला हे सोडणं-बांधणं लागतच नाही, म्हणजे जमतं ना? अहो, मॅक पत्ता कार्डावरच्या स्टिकरवरही छापलेला असतो. डीपीडीकेवाल्यांनो, त्यावरून कार्ड शोधा, जोडा. एवढंच मागतोय, कित्येक वर्षं!