चेहऱ्याची मालिश : त्या मेसेजबद्दल थोडं

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय : रोज 10 मिनिटं खोबरेल तेलाने चेहरा चोळा, सुरकुत्या कायमच्या जातात, ‘विषारी द्रव्यं’ बाहेर पडतात. मी पार्लर चालवते म्हणून जो तो मलाच विचारतोय, तेव्हा एकदाच सांगून टाकते.

नको ती द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, गाल नव्हे. मालिशने रक्ताभिसरण थोडा वेळ वाढतं, साचलेलं पाणी सरकतं. म्हणून सकाळची डोळ्यांखालची सूज उतरते, चेहरा तजेलदार दिसतो. काही तासांत पुन्हा जैसे थे. सुरकुत्या पडतात त्या वयाने आणि उन्हाने. उन्हाला सनस्क्रीन आहे, वयाला काय करणार!

खोबरेलाचं तर विचारूच नका. आधीच मुंबईची दमट हवा, त्यात लोकलमधला घाम. तेलकट त्वचेची रंध्रं बुजतात. शेजारच्या काकूंच्या लेकीच्या हनुवटीवर आठवडाभरात बारीक पुटकुळ्या उठल्या. मुरुमं असतील तर चोळाचोळी नकोच, ती चिघळतात.

बाकी मालिश खुशाल करा. हात धुऊन, बोटं हनुवटीकडून कानाकडे, अगदी हलक्या हाताने. दिवसभराचा शीण उतरतो, मीही करते.