टाकीतलं हिरवं, पातेल्यातलं पांढरं

मे महिन्यातल्या वळवात गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं आणि खाली पडून त्याचे तीन तुकडे झाले. नवं आणायचं सोडून मी डोकं चालवलं. घरात पारदर्शक फायबरचा पत्रा पडून होता, तो वर बांधला. उचकटून न बघताच आत पाणी किती ते दिसेल!

डिसेंबरात आंघोळीच्या बादलीत हिरवा धागा आला.

"अहो, हे काय?"

"स्वेटरचा असेल."

"आपल्याकडे हिरवा स्वेटर नाहीये."

मग वर गेलो. टाक्या काळ्या का असतात हे मला वयाच्या ५२व्या वर्षी कळलं. शेवाळ झाडांसारखंच उजेडावर जगतं. काळ्या टाकीत उजेड शिरत नाही, म्हणून ते धरत नाही. मी त्याला चक्क पॉलिहाऊस बांधून दिलं होतं. अर्ज केला असता तर अनुदानही मिळालं असतं.

खरा राग शेवाळाचा नव्हता. त्याच आठवड्यात आमच्याकडे दही लागत नव्हतं. विरजणातल्या जिवाणूंना चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते म्हणे. पातेलं शालीत गुंडाळलं, पिठाच्या डब्यात खुपसलं, एक रात्र तर माझ्या पांघरुणात घ्यायची सूचना आली. सकाळी दूध ते दूधच. आणि यांचेच भाऊबंद बघा! अमेरिकेत यलोस्टोनच्या झऱ्यांत, सत्तर अंशांच्या कढत पाण्यात जिवाणू सुखाने नांदतात. थॉमस ब्रॉक यांनी ते १९६०च्या दशकात शोधले. लोणारचं पाणी खारट, वर सामू दहाच्या आसपास, म्हणजे जवळपास साबणाचंच. तिथे स्पिरुलिना नावाचे निळे-हिरवे जिवाणू फोफावतात. जून २०२०मध्ये मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी तर अख्खं सरोवर गुलाबी करून दाखवलं. आमच्या जिवाणूंना मात्र पुण्याची थंडी बाधते.

रविवारी टाकी उपसली. तोंडातून आत उतरलो तो दिवाळीचा फराळ आडवा आला. अर्धा आत, अर्धा बाहेर, हातात काथ्या, अशा अवस्थेत शेजारचे काका आले.

"मोरचूद टाका. शेवाळ एका दिवसात मरतं."

"काका, पाणी प्यायचं आहे."

"मग तांब्याची कळशी सोडा आत. तांब्यापुढे जंतू टिकत नाहीत."

"हजार लिटरला एक कळशी?"

"मग दोन सोडा," म्हणून काका निघून गेले. मला ओढून काढायचं त्यांना सुचलं नाही.

तीन तास घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन, मुकाट्याने काळं झाकण आणून बसवलं. दुपारी बघतो तर उन्हात ते चांगलंच तापलेलं. बायकोने हात लावून पाहिला, काही न बोलता खाली गेली आणि विरजण लावलेलं पातेलं आणून त्यावर ठेवलं. संध्याकाळी दह्याच्या वड्या पडत होत्या.

तेव्हापासून टाकीत पाणी किती आहे ते मला बघता येत नाही. झाकणावर दही असतं.