‘एमआरआय झालाय ना, मग बायोप्सी कशाला?’

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून खारघर-पनवेलपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: मेंदूतली गाठ कॅन्सरची आहे का, किती जहाल आहे, हे एमआरआयमध्येच कळतं. इंजेक्शन दिल्यावर चमकली तर कॅन्सर, नाही चमकली तर साधी. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, हा पैसे काढायचा धंदा, शिवाय सुई लागली की गाठ पसरते. खाली नेहमीचं ‘किमान दहा जणांना पाठवा’. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ज्याच्या घरात नुकताच रिपोर्ट आलाय, तो हे वाचून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलतो.

आधी ते चमकणं. इंजेक्शनमध्ये गॅडोलिनियम असतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. जिथे हा अडसर मोडलाय किंवा मुळातच नाही, तिथे ते झिरपतं आणि तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे पांढरं दिसलं तर गळती आहे, एवढंच कळलं. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, झगझगीत पांढरा येतो आणि बहुतेक वेळा ग्रेड १ चा असतो (ग्रेड म्हणजे जहालपणाची पायरी, १ सगळ्यात सौम्य, ४ सगळ्यात जहाल). लहान मुलांच्या अनुमस्तिष्कात (डोक्याच्या मागच्या बाजूच्या ‘लहान मेंदूत’) होणारा पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमाही चमकतो, तोही ग्रेड १. आणि आपल्याकडे तर टीबीची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची गाठ अशीच गोल कडी दाखवते. तो कॅन्सर नव्हेच, त्यावर औषधं आहेत. उलट काही ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठी) अजिबात चमकत नाहीत आणि तपासणीत ग्रेड ३ किंवा ४ चे निघतात. ‘नाही चमकली तर साधी’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात घातक. घाबरलेला माणूस निदान डॉक्टरकडे तरी जातो, निर्धास्त झालेला घरी बसतो.

एमआरआयमधून जहालपणाचा अंदाज येतच नाही का? येतो, आणि चांगला येतो. परफ्युजन या एमआरआयच्याच प्रकारात गाठीला किती रक्त मिळतंय त्याचा रंगीत नकाशा मिळतो. लाल भाग म्हणजे तिथे रक्तपुरवठा जास्त. डिफ्युजन या दुसऱ्या प्रकारात पेशींची दाटी कळते. गाठीतली रसायनं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीच्या आलेखात कोलीनचं (पेशी वाढत असल्याची खूण) टोक वर गेलं आणि एनएए (निरोगी चेतापेशींची खूण) खाली बसला की रेडिओलॉजिस्टच्या कपाळावर आठी पडते. २०१७ मध्ये वर्णन झालेली टी२-फ्लेअर मिसमॅच (एमआरआयच्या टी२ आणि फ्लेअर या दोन चित्रांत गाठ वेगवेगळी दिसणं) ही खूण स्पष्ट दिसली, तर आयडीएच या जनुकात बदल (म्युटेशन) असलेला ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे ग्लायोमाचा एक प्रकार, आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. पण ती खूण अशा पुष्कळ गाठींत दिसतच नाही. परफ्युजनही चकवतं: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हा ग्लायोमाचा दुसरा प्रकार ग्रेड २ चा असूनही लाल दिसू शकतो.

बरं, ग्रेड आता नुसता सूक्ष्मदर्शकाखालीही ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात जनुकांना ठरवण्याचा मान आहे. आयडीएच बदललाय का, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गेलेत का, यावर गाठीचं नावच बदलतं. आयडीएच न बदललेली गाठ भिंगाखाली सौम्य वाटली, तरी मोठ्या माणसांच्या ग्लायोमात टर्ट प्रमोटरसारखा एखादा जनुकीय बदल सापडला की ती ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सगळ्यात जहाल ग्लायोमा, ग्रेड ४. रेडिएशन आणि केमो कधी द्यायचे, कोणते औषध द्यायचे, हे त्यावर ठरतं. त्यासाठी तुकडा हातात लागतो.

आता ‘धंदा’. गंमत म्हणजे बायोप्सीला सगळ्यात जास्त मदत एमआरआयचीच होते. गाठ सगळीकडून सारखी नसते. सौम्य कोपऱ्यातला तुकडा घेतला तर ग्रेड कमी दाखवला जाईल. म्हणून सर्जन परफ्युजनचा लाल ठिपका पाहून सुई कुठे न्यायची ते ठरवतो. पुष्कळदा वेगळी बायोप्सी होतही नाही; ऑपरेशनमध्ये काढलेली गाठच तपासणीला जाते. आणि बायोप्सीशिवाय चालतं असेही पेशंट आहेतच: लहानसा मेनिंजिओमा नुसता एमआरआयवर लक्ष ठेवून सांभाळतात, पिट्युटरी ग्रंथीच्या प्रोलॅक्टिनोमाला (प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सोडणारी गाठ) रक्तातलं प्रोलॅक्टिन पाहून गोळ्या सुरू होतात. पण हा निर्णय न्यूरोसर्जनचा, सोसायटीच्या ग्रुपचा नव्हे. शंका असेल तर दुसरं मत घ्या, खारघरला टाटा मेमोरियलचंच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे. तुकडा आधीच तपासून झाला असेल तर ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड सोबत न्या.

सुईने पसरण्याचं म्हणाल, तर तसं घडल्याची उदाहरणं अगदी विरळ आहेत. ग्लायोमा मेंदूबाहेर क्वचितच जातो, आणि आजूबाजूच्या मेंदूत तो सुई लागायच्या आधीच शिरलेला असतो, एमआरआयवर दिसतो त्याच्याही पलीकडे. बायोप्सीचा खरा धोका रक्तस्रावाचा. तो कमी असतो, पण असतो. त्याबद्दल सर्जनला जरूर विचारा.

याच मेसेजला कोणीतरी शेपूट जोडलंय: रेडिएशननंतरच्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली तर उपचार फसले. तसंच असेल असं नाही. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधानंतर पहिल्या तीन महिन्यांत सूज आणि गळती वाढून गाठ मोठी दिसू शकते आणि पुढे आपोआप ओसरते. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. म्हणून डॉक्टर लगेच औषध न बदलता काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन सांगतात. त्या वेळी नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी न्या. मागची चित्रं शेजारी लावल्याशिवाय ही वाढ खरी की फसवी हे ठरवता येत नाही.