आत्या, जिवंत असल्याचा पुरावा आण

निराधार आणि श्रावणबाळ योजनावाल्यांनो, तुमचा ‘पगार’, म्हणजे सरकारी पेन्शन, कधी ना कधी बंद पडणारच आहे. माझ्या आत्याचा पाच महिने बंद आहे, तेव्हा अनुभवाचे चार बोल फुकट देतो.

जिवंत राहा. पण नुसतं राहून भागत नाही, दाखला लागतो.

अख्ख्या घराचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत ठेवा. म्हणजे दिवसाला ५७ रुपये. पाहुणा आला तर चहा त्यालाच आणायला सांगा.

अंगठा जपा. आत्यानं नाही जपला, चाळीस वर्षं लोकांच्या रानात खुरपत बसली. आता मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. सेतूतला पोरगा म्हणाला, आजी, खोबरेल लावा. लावलं. पदराला पुसून दहाही बोटं झाली. मग डोळे, तर तिथे मोतीबिंदू. आधार अपडेट करायला पहाटे नंबर लावला, तर सर्व्हर डाऊन. शेवटी तहसीलला गेलो. ही समोर घाम पुसत उभी आणि साहेब स्क्रीनकडे बघून मला विचारतात, “लाभार्थी हयात आहेत का?” आत्याच म्हणाली, “मेले असते तर एस्टीचं अर्धं तिकीट कशाला काढलं असतं, बाबा?” कशासाठी हे सगळं? महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी! त्यातही ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपये, २००७ साली होता तोच.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे कुठल्या बँकेत गेले, हे ज्योतिषाला विचारा.

आकडे मात्र चुकूनही मागू नका. मी मागितले. तालुक्यात सहा महिन्यांहून जास्त किती जणांचे पैसे बंद आहेत? “तसा रिपोर्ट निघत नाही.” २६ लाख लाडक्या बहिणींचे पैसे थांबवल्याचा आकडा जुलै २०२५ मध्ये बरा निघाला! तो वाचवलेल्या पैशांचा ना, म्हणून. त्यात चुकून कापलेल्या किती, ते कोण मोजणार?

अहो, रिपोर्ट निघत नाही म्हणजे काय? बंद करायचं बटण तुमच्याच कंप्युटरवर आहे ना? मग कुणाचं, कधीपासून, का, हे लिहून ठेवायला हात मोडलेत का? माणूस समोर उभा असताना तुम्हाला ठसा हवा? लाज वाटू द्या जरा. पाच महिने बाई बीपीची गोळी एक दिवसाआड घेतेय. ठसा घ्यायचाच असेल तर मशीन घेऊन घरी या. फाट्यापासून दुसरं घर, दार उघडंच असतं.