‘घर मोडणारी बाई’ आपल्या कथांत आली कुठून?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. परंपरा आणि आधुनिकतेच्या कात्रीत सापडलेली भारतीय स्त्री म्हणे अलीकडच्या इंग्रजी लेखकांनी परदेशी वाचकांसाठी घडवली. जुन्या साहित्यातली बाई घरात समाधानी होती. आणि ही नवी बाई घर सोडते ती पाश्चात्त्य वारं लागल्यामुळे. मला हे वाचून राग आला, कारण यात आपल्याच भाषांतल्या लेखनावर बोळा फिरवला आहे.

‘अलीकडची’ हा मुद्दा लगेच निकालात निघतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ ची, आणि तिचा विषयच विधवांची परवड.

इंग्रजीचंही तसंच. ‘प्रथम प्रतिश्रुति’ ही कादंबरी लिहिणाऱ्या आशापूर्णा देवी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी लिहिलं ते बंगालीत, बंगाली बायकांच्या डोळ्यांदेखत घडलेलं. १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहावरून वादळ उठलं तेही मराठी वाचकांतच.

‘समाधानी’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० च्या दशकात ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. सुधारक विचारांचा नवरा लाभतो, त्याच्या पाठबळावर ती लिहू-वाचू लागते, मुंबईत चार दिवस सुखाचे जातात. नवरा जातो आणि तिचं केशवपन जबरदस्तीनं केलं जातं. तिची आधुनिकता नवऱ्याच्या हयातीपुरतीच होती, कारण ती त्यानं दिलेली होती. विभावरी शिरूरकरांच्या कथांतल्या मुली शिकतात, कमावतात, आणि त्यांच्या पगारावर माहेर चालतं म्हणून लग्न लांबणीवर पडतं. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. मुलीला नोकरीला धाडताना बाप नव्या जमान्याचा. तिच्या आयुष्याचा निर्णय घेताना जुन्या. ही कात्री मुलीच्या मनात तयार झालेली नाही. तिची दोन्ही पाती घरातल्या कर्त्याच्या हातात आहेत. हे आपल्या लेखकांनी नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच अचूक ओळखलं होतं.

राहिलं घर सोडणं. काही जणी सोडतात, हे खरं. पण सगळ्या नाही: ओ. चंदु मेनन यांच्या १८८९ च्या मल्याळम कादंबरीतली इंदुलेखा इंग्रजी शिकलेली आहे, ती घरच्यांनी पुढे केलेल्या नंबुदिरी ब्राह्मणाला ठाम नकार देते आणि घरात राहूनच आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करते. सोडणाऱ्या कुठे जातात, तेही पाहावं. रवींद्रनाथांच्या १९१४ च्या ‘स्त्रीर पत्र’ या कथेतली मृणाल पंधरा वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला पत्र लिहिते. जावेची पोरकी बहीण बिंदू तिच्या आश्रयाला आलेली असते. घरचे त्या पोरीचं लग्न एका वेड्याशी लावून देतात आणि ती स्वतःला जाळून घेते. त्यानंतर मृणाल परत फिरत नाही. पत्र ती जगन्नाथपुरीहून लिहिते, आणि त्यात आधार घेते तो मीराबाईचा. ‘प्रथम प्रतिश्रुति’तल्या सत्यवतीच्या अजाण मुलीचं, सुवर्णेचं, लग्न आईला न कळवता उरकलं जातं. सत्यवती त्याच पावली संसार सोडते आणि काशीची वाट धरते, आपल्या बापाला जाब विचारायला.