पोस्टरवाल्यांनी हेवी मेटल शोधलं? रेकॉर्ड ऐकून तरी बघा

रॉकप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय: 'लंडनच्या मायकेल इंग्लिश आणि नायजेल वेमथ या दोन पोस्टरकारांनी 1967 मध्ये जगातला पहिला हेवी मेटल अल्बम काढला. सगळं त्यांनीच वाजवलं. त्यांची पोस्टरं सॅन फ्रान्सिस्कोची नक्कल होती, रेकॉर्ड मात्र अस्सल. एवढं करून दोघं गायब झाले.' सोबत लाल तबकडीचा फोटो. फोटो खरा आहे, सुरुवातीच्या प्रती खरंच लाल व्हिनाइलवर निघाल्या होत्या. बाकीचं एकेक करून पाहू.

'पहिला हेवी मेटल.' हा निष्कर्ष नुसतं नाव वाचून काढलाय. अल्बमचं लांबलचक नाव 'हॅपशॅश अँड द कलर्ड कोट फीचरिंग द ह्यूमन होस्ट अँड द हेवी मेटल किड्स'. यातलं 'हॅपशॅश अँड द कलर्ड कोट' हे या दोघांच्या जोडीचंच नाव. त्यातला शेवटचा तुकडा विल्यम बरोजच्या कादंबऱ्यांतून आलाय. 'हेवी मेटल किड' हे तिथलं पात्र, आणि त्या कादंबऱ्या या रेकॉर्डच्या कितीतरी आधीच्या. ऐकायला बसलात तर मेटलचा दणदणीत गिटार रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, कुठेच सापडत नाही. सापडतो तो एकाच ठेक्यावर चाललेला घोष, घंटा, आरोळ्या. एका तुकड्याचं नाव तर चक्क 'ओम'. 'एम्पायर्स ऑफ द सन' जवळजवळ अख्खी दुसरी बाजू व्यापतं आणि भजनी मंडळाने एकच धृपद घोळवत राहावं तसं जागचं हलत नाही. नातं लावायचंच असेल तर पुढे जर्मनीत अमॉन ड्यूलसारख्या बँडच्या टोळ्यांनी जे केलं त्याच्याशी लावा. हेवी मेटलचा आद्य बँड मानल्या जाणाऱ्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 1970 चा, आणि त्याचं कूळ वेगळं.

'सगळं त्यांनीच वाजवलं.' मला सर्वांत खटकतं ते हे, कारण यात खरे वादकच पुसले जातात. ड्रम, बास, गिटार सांभाळली ती 'आर्ट' नावाच्या बँडने. हाच बँड पुढे 'स्पूकी टूथ' झाला. निर्माता होता गाय स्टीव्हन्स, ज्याने 1979 मध्ये क्लॅश या पंक बँडचा 'लंडन कॉलिंग' केला. 'ह्यूमन होस्ट' म्हणजे स्टुडिओत जमवलेला मित्रमैत्रिणींचा घोळका. पोस्टरकार त्या घोळक्यात होते, बोलत होते, ओरडत होते. कल्पना त्यांची, माहोल त्यांचा. अल्बममधल्या 'एच-ओ-पी-पी-व्हाय?' या तुकड्याचं शीर्षकही त्यांच्याच वर्तुळातलं: लंडनच्या यूएफओ या संगीत क्लबच्या संस्थापकांपैकी जॉन 'हॉपी' हॉपकिन्स त्या वर्षी गांजाच्या खटल्यात तुरुंगात गेला होता. पण माहोल उभा करणं वेगळं आणि बास वाजवणं वेगळं. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. आर्टच्या 'सुपरनॅचरल फेअरी टेल्स'चं मुखपृष्ठ हॅपशॅशनेच केलं.

'सॅन फ्रान्सिस्कोची नक्कल.' तिकडचं काम त्यांनी पाहिलं असेलच, पण दोन्ही शहरं पाणी भरत होती ते आर नूव्होच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वेलबुट्टीदार कलाशैलीच्या विहिरीवर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1963 मध्ये आल्फोन्स मुखा आणि 1966 मध्ये ऑब्री बिअर्ड्सली या त्याच शैलीच्या चित्रकारांची प्रदर्शनं भरली होती, म्हणजे वळणदार केस आणि वेलीसारखी अक्षरं घराशेजारीच होती. शिवाय छपाई पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या संगीत सभागृहाची पोस्टरं मुख्यतः ऑफसेट यंत्रावर निघायची, यांची स्क्रीन प्रिंटिंगने. एकाच जाळीवर दोन-तीन रंग शेजारी शेजारी ओतायचे आणि स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) एका ओढीत एकमेकांत मिसळू द्यायचे. त्यामुळे प्रत्येक प्रत थोडी वेगळी. वर सोनेरी-चंदेरी शाई, जी स्वस्त नव्हती. ज्याने हाताने स्क्रीन ओढली आहे तो याला नक्कल म्हणणार नाही.

'एवढं करून गायब.' भागीदारी लवकर मोडली, हे खरं. पण 1969 मध्ये हॅपशॅशच्याच नावाने 'वेस्टर्न फ्लायर' हा दुसरा अल्बम आला. त्यात वेमथ होता, इंग्लिश नव्हता, आणि निर्माता होता माइक बॅट, जो नंतर 'वॉम्बल्स' या मुलांच्या गाण्यांमुळे घराघरात पोचला. पहिल्या रेकॉर्डचा वेडेपणा त्यात उरलेला नाही, मला तर तो कंटाळवाणाच वाटतो. इंग्लिश एअरब्रशकडे, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारायच्या तंत्राकडे वळला आणि बाटल्यांची झाकणं, पाण्याचे थेंब, आगगाडीची चाकं इतकी हुबेहूब रंगवू लागला की लोक त्यांना फोटो समजत. 2009 मध्ये तो वारला. पोस्टरवाल्यांच्या रेकॉर्डला 'जगात एकमेव' म्हणायचा मोह होत असेल, तर 'द फूल' या डच चित्रकारांचाही अल्बम आहे, गायक ग्रॅहॅम नॅशने निर्माता म्हणून केलेला. बीटल्सच्या लंडनमधल्या 'अ‍ॅपल बुटिक' या दुकानाची भिंत रंगवणारे ते हेच.